हाकलण्याची वेळ

सोमवार, २

आज वाचनालयाने मला आजन्म बंदी घातली. कारण अगदी फालतू. तिथल्या बाई दिवसभर लोकांना "शूऽऽ" करतात आणि स्वतः मात्र फोनवर बहिणीला गुडघे किती दुखतात ते सांगत बसतात. मी त्यांचीच शूऽऽ मोबाइलवर भरून घेतली, छोटा स्पीकर शब्दकोशांच्या मागे ठेवला आणि बाईंचा फोन सुरू झाला की वाजवायला लागले. तीन वेळा त्यांनी घाबरून आवाज खाली केला. चौथ्या वेळी चक्क "सॉरी" म्हणाल्या. पाचव्या वेळी शब्दकोश उचलला.

कार्ड जप्त. चार्जरचं पण कार्ड जप्त, कारण तो हसला. चार्जर म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचा. कुठंही गेला की आधी भिंतीतलं भोक शोधतो, मग माणसांकडे बघतो. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करतोय. पंचवीस तारखेला त्याला प्रोजेक्ट द्यायचंय आणि अजून विषयच नाही.

वाचनालयाच्या पायरीवर बसून तो म्हणाला, "आता मी अभ्यासाला बसू कुठं? घरी आमच्या मातोश्री शिवणकाम करतात, त्या मशीनने दात हलतात."

मी म्हटलं, "याचंच अ‍ॅप कर की. कुठं बसावं ते सांगणारं."

तो म्हणाला, "जागा कोण शोधणार?"

हे असं होतं. तोंड उघडलं की काम गळ्यात.

अ‍ॅपचं नाव ठिय्या. मी ठेवलं. कोड तो लिहिणार, गावभर फिरून बूड टेकवून बघणार मी. नाहीतरी मला काय उद्योग आहे, असं चार्जर म्हणाला. अकाउंटचा पेपर माझा दोनदा गेलाय. तिसऱ्यांदाचा फॉर्म आईने फ्रिजवर चिकटवून ठेवलाय, त्याखाली चिठ्ठी: "फॉर्म भरणे बाकी आहे. शेवटची तारीख ३०. कृपया नोंद घ्यावी." आई इस्पितळाच्या कपडेघरात आहे, चादरी मोजणं, धुवायला देणं, परत घेणं. तिथं वह्यांत असंच लिहितात, म्हणून घरी पण असंच. दूध संपलं तरी नोंद घ्यावी.

मंगळवार, ३

पाय तुटले. पहिल्या दिवसाचा हिशोब:

बँक: गारवा छान, खुर्च्या मऊ. एकोणीस मिनिटं. मग शिपाई, "टोकन नंबर?" टोकन घेतलं, वीस मिनिटं आणखी. नंबर आला तेव्हा खिडकीवर जाऊन विचारलं, तुमच्याकडे पेन्सिलीला टोक करायचं यंत्र आहे का. तिथून हाकललं.

फर्निचरचं दुकान: शिसवी टेबल, वर दिवा. एक्केचाळीस मिनिटं. सेल्समन आला, "मॅडम, टेबल विकत घ्यायचंय की दत्तक?"

इस्पितळात बाहेरच्या पेशंटांचे बाक: पोट धरून बसलं तर कितीही वेळ.

बस डेपोची प्रतीक्षा खोली: हाकलत नाहीत, पण दर चार मिनिटांनी कर्ण्यातून बाई ओरडतात. तिथं एक काका होते, पन्नाशीचे. जाडजूड पुस्तक मांडीवर, बोट ओळीवर, ओठ हलताहेत. पान उलटलं की बोटाला थुंकी, मग परत पहिली ओळ. वीस मिनिटांत एक पान.

घरी आल्यावर त्यांची नक्कल केली. आईच्या पिशवीतून तिचं चष्म्याचं घर काढलं. बिजागरी तुटलेलं, इस्पितळाची पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेलं. चष्मा नाकावर, बोट ओळीवर, थुंकी, आणि घोगऱ्या आवाजात, "माणसाला शिकायचं तर वय नसतं, पण अक्कल पण नसते." चार्जर आणि त्याची आई लोळायचे बाकी होते. आई हसली नाही. भांडी विसळत होती. मग म्हणाली, "झालं असेल तर चष्मा दे इकडं."

दमलेली असेल. हल्ली ओव्हरटाइम आहे तिला. तीनला सुटायची, आता घरी यायला सहा वाजतात.

चिकटपट्टीवर मी पेनाने दोन डोळे आणि पीळदार मिश्या काढून दिल्या. तेवढंच तिला बरं वाटेल.

गुरुवार, ५

चार्जरशी भांडण. त्याला तारे पाहिजेत. पाचपैकी किती तारे, वाय-फाय आहे का, प्रकाश कसा. मी म्हटलं तारे हॉटेलला देतात. अभ्यासाला बसणाऱ्याला एकच प्रश्न असतो: हाकलतील कधी? म्हणून प्रत्येक जागेच्या नावाखाली मोठ्या अक्षरात हाकलण्याची वेळ. चहाचं दुकान २२ मिनिटं. पोस्ट ऑफिस ९. सलून ३५ (मासिक हातात असेल तर).

चार्जर म्हणाला, हे शास्त्रीय नाही. मी म्हटलं, मी घड्याळ लावून हाकलून घेतलंय, याहून शास्त्रीय काय असतं.

शेवटी ठेवलं. नमुना म्हणून पहिली जागा आमच्याच घराची टाकली. "तिसरा मजला, स्वयंपाकघर. टेबल: आहे. खुर्ची: डगमगते. हाकलण्याची वेळ: लागू नाही. आवाज: दहापैकी अकरा. कारण: मी." चार्जर हसला आणि म्हणाला, खरी माहिती असलेली ही एकच नोंद आहे. नंतर काढून टाकली.

शनिवार, ७

वापरून बघायला वीस माणसं पाहिजेत असं चार्जरच्या सरांनी सांगितलं. मी वीस चिठ्ठ्या छापल्या, एकेकीवर एक नंबर. ज्याच्या हातात चिठ्ठी पडेल त्याने तो नंबर टाकून अ‍ॅप उघडायचं. नाव-गाव काही नाही. मी ही कल्पना काढली, कारण नावं मागितली असती तर मला ओळखणाऱ्या एकानेही घेतलं नसतं. पंधरा चिठ्ठ्या आजूबाजूच्या पत्रपेट्यांत टाकल्या. पाच जीन्सच्या खिशात राहिल्या आणि जीन्स धुवायला गेली.

आईला विचारलं, खिशात चिठ्ठ्या होत्या का? म्हणाली, "चार होत्या. दोरीवर वाळत घातल्यात."

म्हणजे एक वाहून गेली. सात नंबरची.

रविवार, ८

वाहून गेली नव्हती. कुणालातरी गटारात वगैरे सापडली असावी. सात नंबर आज अ‍ॅपवर आला आणि आल्या आल्या तक्रार:

"पहिल्या पानावर चौदा बटणे आहेत. कोणते दाबावे हे कळत नाही. अक्षर बारीक आहे. नोंद घ्यावी."

कुठलातरी रिटायर्ड हेडमास्तर. मी वाचूनच ओळखलं.

मंगळवार, १०

हेडमास्तर रोज येतो. आजच्या तीन:

"इस्पितळातील बाक यादीतून काढावेत. तिथे आजारी माणसांना उभे राहावे लागते."

"सलूनमध्ये बसता आले नाही. केस कापायचे आहेत का असे तीनदा विचारले."

"आपल्या यादीत सर्व जागा आहेत. परंतु माणसाला एवढेच हवे असते: आता, इथून चालत दहा मिनिटांत, दोन तास कुठे बसू देतील. बाकीचे नंतर."

तिसरी वाचून चार्जर खुर्चीतून उठला. "अगं, हेच. पहिल्या पानावर एकच बटण. आता कुठं?" रात्रीच्या जेवणापर्यंत त्याने तेरा बटणं उडवली. मी काढलेली चित्रं होती त्या बटणांवर. डुलक्या घेणारा बोका, खुर्चीसकट उचलून फेकलेला माणूस. सगळी गेली.

जेवताना मी आईसमोर तासभर हेडमास्तराच्या नावाने खडे फोडले. "स्वतःला काय समजतो, घरी बायको विचारत नसेल, म्हणून इथं हुकूम सोडतो."

आई म्हणाली, "अक्षर मोठं केलं का पण?"

"केलं. करावं लागलं."

"मग झालं तर," म्हणाली आणि वाढायला लागली.

बुधवार, ११

चार्जरने तक्ता काढला, कोण किती वाजता वापरतं. बाकीचे एकोणीसजण इकडेतिकडे. एकजण नुसता रात्री उघडतो आणि बंद करतो. सात नंबर रोज दुपारी साडेतीन ते पावणेसहा. मी म्हटलं बघ, वामकुक्षी झाली की कुरकुरायला मोकळा.

चार्जर म्हणाला, "कुरकुरतोय, पण खरोखर जातोय त्या जागांवर. बाकीचे घरी बसून तारे मागताहेत."

आईला आज कुणीतरी नोकरीचं काही विचारत असावं, कारण भाजी चिरता चिरता मला म्हणाली, "बाराशे चादरींतल्या साडेसात टक्के फाटक्या निघाल्या तर किती?"

मी म्हटलं, "नव्वद. का?"

"काही नाही, साहेब विचारत होते." मग थोड्या वेळाने, "तू पटकन कसं काढलंस?"

मी दाखवलं. दहा टक्के काढ, त्यातला चौथा भाग वजा कर. तिने तीनदा करून घेतलं. साहेबांना स्वतःला येत नाही वाटतं. अशी माणसं साहेब होतात आणि माझा पेपर दोनदा जातो.

शनिवार, १४

आज कहर झाला.

मी एक गंमत घातली होती अ‍ॅपमध्ये. हाकलण्याची वेळ जवळ आली की मोबाइलमधून माझ्याच आवाजात मोठ्याने, "उठाऽऽ, आले हाकलायला!" सगळ्यांना आवडली. चार नंबरने तर तीनदा वाजवली.

सात नंबर विमा कंपनीच्या जिन्याखाली बसला होता. ती जागा मीच शोधलेली, दीड तास, आजवरचा उच्चांक, तोही मीच कंटाळून उठले म्हणून. पंच्याऐंशी मिनिटांनी मोबाइल ओरडला. पहारेकरी आला. तिथं कुणी बसतं हेच त्याला आजवर माहीत नव्हतं. आता जिन्याखाली जाळीचं दार लावलं.

तक्रार लांबलचक आली:

"चांगली जागा गेली. आता तिथे कोणालाच बसता येणार नाही. परीक्षा २४ तारखेला आहे. मागच्या वेळी तीन गुणांनी गेली. वयाची अट पाहता ही शेवटची संधी आहे. रोज दोन तास मिळाले तरच होईल. थट्टा करणाऱ्याने स्वतः कधी दोन तास एका जागी बसून पाहिले आहे का? नोंद घ्यावी."

चार्जरने मला न विचारता माझा आवाज काढून टाकला.

"काढलास का?"

"माणसाची शेवटची परीक्षा आहे ती."

"मग घरी बसावं ना गुपचूप. घर नाही का त्याला?"

"असेल," चार्जर म्हणाला. "घरात तुझ्यासारखं कुणी असेल."

त्याच्याशी बोलत नाही मी आता.

मंगळवार, १७

ते दोन तासांचं वाक्य डोक्यातून जात नाही. कोण कुठला, आणि मला विचारतो. बसलेय मी. शाळेत मला दोन दोन तास वर्गाबाहेर बसवायचे.

फ्रिजवरचा तो फॉर्म पण माझ्याकडेच बघत असतो. आज तो झाकायला फ्रिजला चहाचा डबा लावला. म्हणजे उभा टेकवून. पडला.

आई हल्ली विसरभोळी झालीय. सकाळी पेन्सिल कानामागे तशीच ठेवून कामावर गेली. संध्याकाळी आली तेव्हा पाठीला चुना लागला होता, कुठल्यातरी भिंतीला टेकल्यासारखा. मी झटकला. "कपडेघरात रंगकाम चाललंय का?" तर म्हणाली, "हो, हो."

गुरुवार, १९

सात नंबर तीन दिवसांत चार जागा फिरला. सगळीकडून हाकलला गेला. प्रत्येक वेळी एकच ओळ, वेळेसकट. "१७ मिनिटे." "२६ मिनिटे." "११ मिनिटे. पाऊण तास चालण्यात गेला." "३०." शेवटची: "रविवारी पूर्ण सकाळ मिळेल अशी एखादी जागा आहे का? लांब असली तरी चालेल. कृपया कळवावे."

मला सुचलं ते इतकं सुंदर होतं की चार्जरशी अबोला पण मोडला. नाही, त्याला सांगितलं नाही. नुसतं विचारलं, की एखादी जागा एकाच नंबराला दिसेल असं करता येतं का? चाचणीसाठी. तो खूश, मी कामात लक्ष घालतेय म्हणून. करून दिलं.

बसच्या शेवटच्या थांब्यावर एक जुना हॉल आहे. दर रविवारी सकाळी तिथं बँडवाले सराव करतात. तीस माणसं, त्यात पाच मोठे ड्रम.

मी लिहिलं: "शांत हॉल. मोठं टेबल, पंखा, पिण्याचं पाणी. रविवार ९ ते १२. हाकलण्याची वेळ: हाकलत नाहीत." फक्त सात नंबरसाठी.

दहा मिनिटांत उत्तर. तक्रार नाही. "फार उपकार झाले."

एवढं वाचून मोबाइल उलटा करून ठेवला. बॅटरी वाचवायला.

शुक्रवार, २०

बेत असा: रविवारी नऊच्या आधी जायचं, खिडकीबाहेर दबा धरायचा, हेडमास्तर आत जाऊन बसला आणि पहिला ड्रम वाजला की त्याचं तोंड मोबाइलवर टिपायचं. बघूया दोन तास एका जागी कसा बसतो.

आईला म्हटलं रविवारी लवकर उठव. म्हणाली, "रविवारी मी नाही बाई. मला ड्यूटी आहे."

रविवारी कपडेघर उघडं असतं हे आजच कळलं.

रविवार, २२

नीट लिहिते.

आई गेली तेव्हा मी झोपलेलीच होते. गजराचं घड्याळ मी शनिवारी चार्जरच्या दाराबाहेर लपवून ठेवलं होतं, त्याला पाचला उठवायला, आणि मोबाइलचा गजर मी झोपेतच बंद करते. उठले साडेनऊला. बस मिळाली सव्वादहाला. शेवटच्या थांब्यावर पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि हॉलमधून आवाज असा येत होता की रस्त्यावरच्या काचा थरथरत होत्या.

खिडकीतून बघितलं. बँडच होता नुसता. कोपऱ्यात एक खुर्ची, रिकामी, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली.

सराव थांबला तेव्हा आत गेले. बँडमास्तर जाडजूड, घामाघूम, गळ्यात शिट्टी. विचारलं, सकाळी इथं कुणी म्हातारेसे गृहस्थ आले होते का, अभ्यास करायला?

"गृहस्थ नाही, एक बाई आल्या होत्या. आम्हाला वाटलं कुणाची आई असेल, डबा द्यायला आली. तर पिशवीतून वह्या काढल्या."

"मग?"

"मग काय, मी सांगितलं, बाई, इथं आता वाजणार. तर त्या बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिल्या. मला म्हणाल्या, 'इथं कुणी हाकलत नाही ना?' मी म्हटलं, हाकलायला कशाला लागतं, लोक आपण होऊन पळतात. तर म्हणाल्या, मग बसते. दुसरीकडे जायला आता वेळ नाही. आमच्या ड्रमवाल्याकडून कापूस घेतला, कानात घातला आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. दीड तास."

"वाजत असताना?"

"मी म्हटलं, थोडा वेळ थांबतो आम्ही. नको म्हणाल्या. तुमचं पण कार्यक्रमाचं असेल, म्हणाल्या." त्याने कपाळ पुसलं. "पार डोकं धरून गेल्या शेवटी. ओळखता का तुम्ही? हे विसरल्या."

आणि खिशातून काढून हातावर ठेवलं.

पांढरी चिकटपट्टी. दोन डोळे. पीळदार मिश्या.

बँडमास्तर म्हणाला, "कुणीतरी कार्ट्याने मिश्या काढल्यात त्यावर. पुसायच्या ना. तर म्हणाल्या, 'असू दे, माझ्या मुलीने काढल्यात.'"

मी काय म्हटलं आठवत नाही. म्हटलं बहुतेक, की पोचवते.

बसमध्ये चष्म्याचं घर मांडीवर ठेवून आलो, मी आणि ते मिश्यांवालं तोंड. सगळं एकामागून एक आठवत होतं. चौथी चिठ्ठी, पाचवी चिठ्ठी. साडेतीन ते पावणेसहा. साडेसात टक्के. कानामागची पेन्सिल. माझ्यासमोर बसून जेवायची, मी शिव्या द्यायचे आणि ती विचारायची, अक्षर मोठं केलं का. सगळं नाकासमोर होतं आणि मी हेडमास्तर शोधत होते. आणि ते डेपोतले काका. तिच्याच चष्म्याने तिच्यासमोर नक्कल केली मी. ती कुठल्या तोंडाने सांगणार होती की तिलाही बसायचंय?

घरी आले तर ती पिशवी उलटी करून बघत होती. डोळे लाल.

"काय शोधतेस?"

"काही नाही. सुई."

"ड्यूटी झाली?"

"झाली." मग गादी उचलून बघितली. गादीखाली सुई कोण ठेवतं.

परवा परीक्षा आणि चष्म्याशिवाय तिला भाजीतले खडे दिसत नाहीत. मी स्वयंपाकघरात गेले, चष्म्याचं घर पावाच्या डब्यामागे ठेवलं आणि म्हटलं, "आई, पाव कुठंय?"

"डोळ्यांसमोर असतो, तरी विचारायचं," करत आली. डबा हलवला. हात तसाच थांबला.

"इथंच होतं की," म्हणाली.

मी म्हटलं, "तूच ठेवलं असशील. विसरतेस हल्ली."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पाव खात राहिले. 

सोमवार, २३

सकाळी ती कामावर गेल्यावर बँडची जागा पुसून टाकली. चार्जरला काही सांगितलं नाही. मग नवीन जागा टाकली, फक्त सात नंबरसाठी:

"तिसरा मजला, स्वयंपाकघर. टेबल आहे. दिवा आहे. आज ३:३० पासून. हाकलण्याची वेळ: नाही. आवाज: नाही. कारण: मी बाहेर आहे."

आवाज नाही असं लिहिणं सोपं. करायचं कसं? तळमजल्यावर सुतार आहे, त्याची करवत दिवसभर. त्याच्या दारात गेले.

"आज साडेतीन ते सहा करवत बंद ठेवाल का?"

त्याने चष्म्यावरून बघितलं. "आता कुठला नवीन डाव?"

"डाव नाही."

"मागे माझ्या दारावर 'मोफत धार लावून मिळेल' अशी पाटी लावलीस. अख्ख्या गल्लीच्या कात्र्या आल्या."

"या वेळी खरंच नाही."

"मग कशाला?"

कशाला ते सांगता येईना. तिने मला सांगितलेलं नाही, मी जगाला कसं सांगू? म्हटलं, "कुणालातरी अभ्यास करायचाय."

"तुला?" म्हणाला आणि इतका हसला की रंधा खाली ठेवावा लागला. शेवटी म्हणाला, बंद ठेवतो, पण उद्या येऊन सगळा भुसा झाडायचा. कबूल केलं.

चार्जरच्या आईकडे गेले, शिवणाच्या मशीनसाठी. तिने दार अर्धंच उघडलं आणि आधी माझ्या मागे कुणी मोबाइल धरून उभं आहे का ते बघितलं. वरच्या मजल्यावर तर मला दोन मिनिटं हात वर करून उभं केलं. एकूण अकरा दारं. प्रत्येक दारात माझाच एखादा जुना प्रताप निघाला. मला वाटायचं लोक विसरतात.

तीन चाळीसला जिन्यात तिची पावलं वाजली. नेहमी सहाला येते. मी दारात चपला घालत होते.

"चाललीस?"

"हो. चार्जरकडे काम आहे. सहापर्यंत नाही येणार."

"बरं," म्हणाली. पिशवी छातीशी धरली होती. आत जाताना माझ्या डोक्यावर एक टपली मारली. 

चार्जरकडे गेले नाही. दोन मजल्यांच्या मधल्या पायरीवर बसले, म्हणजे कुणी बेल वाजवायला आलं तर अडवता येईल. दोन पोरं उड्या मारत आली, त्यांना खाली वळवलं. एक विक्रेता आला, त्याला सांगितलं वरच्या मजल्यावर गोवर आहे. फरशी गार होती म्हणून घरातून निघताना बुडाखाली घ्यायला जाडसं काहीतरी उचललं होतं, ते अकाउंटचं पुस्तक निघालं. दुसरं काही नव्हतं म्हणून उघडलं. दोन पानं वाचली. काहीच कळलं नाही. परत बुडाखाली घातलं. मग थोड्या वेळाने परत काढलं.

एका जागी दोन तास बसणं फार वैतागाचं काम आहे. गुडघे आखडतात, नाकाला खाज येते, घड्याळ पुढे सरकत नाही. ती हे अकरा-अकरा मिनिटांच्या तुकड्यांत करत होती, मध्ये पाऊण पाऊण तास चालून.

पावणेसहाला मोबाइल वाजला. सात नंबर:

"जागा चांगली आहे. दोन तास पाच मिनिटे बसता आले. खुर्चीचा डावा पाय आखूड आहे. बाहेर जिन्यात कोणी शिंकत आहे, त्यांना आत बोलवावे. नोंद घ्यावी."

आत गेले. तिने चहा टाकला होता, दोन कप. वह्या कुठं दिसल्या नाहीत. मी पुठ्ठ्याची घडी करून खुर्चीच्या डाव्या पायाखाली सरकवली. तिने खुर्ची हलवून बघितली.

"आता नाही हलत," म्हणाली.

मंगळवार, २४

उठले तेव्हा ती गेली होती. फ्रिजवर, माझ्या फॉर्मच्या शेजारी, चिठ्ठी:

"बढतीच्या परीक्षेला जात आहे. दुपारी येईन. सुताराकडे भुसा झाडायला जाणे, त्यांनी सांगितले आहे. बँडवाल्यांना कापसाबद्दल धन्यवाद कळवणे, पत्ता तुझ्याकडे आहे. शेवटची तारीख ३०. कृपया नोंद घ्यावी."

पत्ता माझ्याकडे आहे. म्हणजे तो डाव माझाच होता हे तिला माहीत होतं. तिथं बसून मोबाइलकडे बघत राहिली तेव्हाच कळलं असणार, आणि तरी दीड तास बसली. घरी येऊन सुई शोधली.

चिठ्ठीखाली मी पेन्सिलीने लिहिलं, नोंद घेतली. फॉर्म फ्रिजवरून काढला आणि त्याच टेबलाशी बसून नाव, जन्मतारीख, विषय एवढं भरलं. मग भुसा झाडायला गेले.